भारनियमन : एका संथ संगणकाची बखर

२०२५च्या दिवाळीत आमचे साताऱ्यास काकांकडे जाणे झाले. काका निवृत्त शिक्षक. वय ऐंशीच्या पुढे. फराळाची बशी आमच्या पुढ्यात सरकवून त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलावरील लॅपटॉपची कळ दाबली आणि म्हणाले, "चहा होईपर्यंत उघडेल." चहा झाला, कपबशा विसळून झाल्या, तरी पडद्यावरचे ठिपके गोल फिरतच होते. आम्ही घड्याळ लावून पाहिले. कळ दाबल्यापासून कामाची पहिली फाइल उघडेपर्यंत नऊ मिनिटे गेली. दुकानदाराने म्हणे दोन उपाय सांगितले होते : नवा घ्या, नाहीतर हाच फॉरमॅट मारा. "यंत्र म्हातारं झालंय म्हणतो तो," काका म्हणाले. "अरे, माणूस म्हातारा झाला म्हणून त्याला कोणी फॉरमॅट मारतं का?"

विनोद विनोदाच्या जागी राहिला. पण त्या यंत्रात काय आहे हे आम्हांस ठाऊक होते. २००३ ते २००८ या काळात काकांनी गावोगाव फिरून प्रतिसरकारच्या आठवणी टिपल्या होत्या. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात जे प्रतिसरकार चालले, त्याची बरीच गावे आज सांगली जिल्ह्यात मोडतात. कारण १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. काकांना आठवणी सांगणारी माणसे तेव्हाच सत्तरी-ऐंशीची होती. आज त्यांतले कोणीही हयात नाही. म्हणजे त्या आठवणी आता जगात एकाच ठिकाणी उरल्या होत्या : नऊ मिनिटे घेणाऱ्या त्या हार्ड डिस्कवर.

घरचा संगणक मंदावला तर पैसा न खर्चता तो पुन्हा चालता कसा करावा, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आणि तांत्रिक वाटतो. पण या प्रश्नाला इतिहास आहे. तो मँचेस्टर, ह्यूस्टन आणि झुरिक येथे जितका घडला तितकाच आपल्या कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातही घडला आहे. तो येथे थोडक्यात मांडावा आणि त्यातून काकांच्या लॅपटॉपचे काय झाले तेही सांगावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

प्रथम आमचाच एक पराभव नोंदवतो. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम थोड्याच काळात तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. शासकीय नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागू लागले, तसे मध्यमवर्गीय घरांत संगणकही येऊ लागले. सांगलीच्या आमच्या घरी तो २००२च्या दिवाळीत आला. सुटे भाग जोडून दुकानदाराने बनवून दिलेला. सेलेरॉन प्रोसेसर, १२८ मेगाबाइट रॅम, ४० गिगाबाइटची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी. पडद्यावर चित्र दाखविण्याचे वेगळे कार्ड घेतले की किंमत वाढे. म्हणून ते काम मदरबोर्डवरच भागवलेले असे आणि त्यासाठी रॅमचाच एक तुकडा राखून ठेवला जाई. आमच्या यंत्रात तो ३२ मेगाबाइटचा होता. म्हणजे १२८चे पैसे मोजून प्रत्यक्षात ९६च हाती येत. हे आम्हांस कळायला पुढे कित्येक वर्षे लागली.

दीड-दोन वर्षांत तो संगणक इतका मंद झाला की एक पत्र छापायचे म्हणजे अर्धी सकाळ जावी. मेकॅनिक आले, त्यांनी दहा मिनिटे पाहिले आणि निदान केले : "फॉरमॅट मारायला लागेल." त्या काळी हाच रामबाण उपाय होता आणि तो लागूही पडे. संगणक फॉरमॅट होऊन आला तो अगदी पहिल्या दिवसासारखा पळत. फक्त आमच्या मातोश्रींनी आजीच्या तोंडून ऐकून दोन वर्षे रोज थोड्या थोड्या टंकलेल्या जात्यावरच्या सुमारे दोनशे ओव्या त्यात नव्हत्या. त्या कोठे ठेवल्या आहेत हे मेकॅनिकने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. आजी त्याआधीच्याच वर्षी गेली होती. मातोश्री एवढेच म्हणाल्या, "जाऊ दे, यंत्र तर चाललं." हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही. गेल्या वीस वर्षांत किती घरांतले असे काय काय वेगाच्या मोबदल्यात पुसले गेले असेल, याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही.

तर मुळात संगणक मंद का होतो? याचे सर्वांत चांगले स्पष्टीकरण आम्हांस हळदीच्या व्यापारात सापडले. सांगलीची हळदपेठ प्रसिद्ध आहे. तिची हळद पिढ्यान् पिढ्या शहरालगतच्या हरिपूर गावी जमिनीत खोदलेल्या पेवांत साठवली जात असे. २००५च्या महापुरात त्यांतली बहुतेक पेवे निकामी झाली. पण ती व्यवस्था अशी होती : पेठेतल्या दुकानात जागा थोडी, पण माल हाताशी. पेवात जागा अफाट, पण माल काढायला गडी लागणार, गाडी लागणार, वेळ जाणार. संगणकातही हेच असते. रॅम म्हणजे पेठेतले दुकान आणि हार्ड डिस्क म्हणजे हरिपूरचे पेव. शहाणा व्यापारी आज विकायचा तेवढाच माल दुकानात आणून ठेवतो.

१९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात सुरू झालेल्या ॲटलस या संगणकात एक क्रांतिकारक युक्ती होती. दुकान आणि पेव मिळून एकच मोठे दुकान आहे असा आभास त्यात निर्माण केलेला होता. काम करणाऱ्याने कोणताही माल मागावा. तो दुकानात नसेल तर यंत्र स्वतःच पेवातून आणील आणि जागा करण्यासाठी दुकानातले दुसरे काही पेवात धाडील. आजचा प्रत्येक घरगुती संगणक हीच युक्ती वापरतो. पण तिच्यात एक खोच आहे. गिऱ्हाइके इतकी वाढली की प्रत्येकाचा माल दुकानात मावेना, तर गाडी सारखी पेठ ते हरिपूर येरझारा घालू लागते. एकाचे पोते आणायचे म्हणून दुसऱ्याचे परत न्यायचे. लगेच दुसरा आपले मागतो म्हणून पहिल्याचे परत न्यायचे. गडी घामाघूम होतात, बैल दमतात आणि विक्री मात्र शून्य. १९६८ साली पीटर डेनिंग या अमेरिकन अभ्यासकाने या अवस्थेची कारणमीमांसा केली. तिला इंग्रजीत थ्रॅशिंग म्हणतात. आम्ही येरझारा म्हणू. डेनिंगचे म्हणणे सोपे होते : प्रत्येक कामाला एका वेळी ठरावीक माल हाताशी लागतोच. सर्व कामांची ती गरज मिळून दुकानाच्या जागेपेक्षा मोठी झाली की बैल कितीही चांगले घेतले तरी उपयोग नाही. काही गिऱ्हाइकांना थांबा म्हणणे हाच उपाय. आमच्या सांगलीच्या संगणकाला ९६ मेगाबाइटांत एक्सपी, विषाणुरोधक प्रणाली आणि सुरू होताना आपोआप जागी होणारी डझनभर कामे असा संसार करायचा होता. त्याला म्हातारपण आले नव्हते. तो येरझाऱ्यांनी दमला होता.

गिऱ्हाइकाला थांबा म्हणण्याची कला किती मोलाची, याचे इतिहासातले सर्वांत नाट्यपूर्ण उदाहरण २० जुलै १९६९चे आहे. अपोलो ११चे यान चंद्रावर उतरत असताना त्यातल्या संगणकाने १२०२ क्रमांकाची धोक्याची सूचना दिली. मग पुन्हा तीच, आणि नंतर १२०१. त्या संगणकाची बदलती स्मृती होती अवघी २,०४८ शब्दांची. परतीच्या भेटीसाठी असलेले एक रडार त्या क्षणी नको ते संकेत पाठवून त्याचा वेळ खात होते. दुसरा संगणक असता तर कोलमडला असता. पण हा संगणक रचणाऱ्यांनी प्रत्येक कामाला अग्रक्रम देऊन ठेवला होता. भार असह्य झाला की यंत्र क्षणात नव्याने सुरू होई, बिनमहत्त्वाची कामे टाकून देई आणि यान उतरविण्याचे काम तेवढे चालू ठेवी. ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षाने हे ओळखले आणि उतरण्यास संमती दिली. चंद्रावर जाऊन रॅम वाढविता येत नाही. तेथे जो वेग मिळाला तो वजाबाकीने मिळाला.

या वजाबाकीस मराठीत फार चांगला शब्द आहे आणि तो सातारा-सांगलीकरांना शिकवावा लागत नाही : भारनियमन. २००५च्या जून महिन्यात वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी झाली. त्या सुमाराची काही वर्षे आपल्याकडे दिवसाचे वेळापत्रकच लोडशेडिंगवर बसवलेले असे. दळण, पाणी, परीक्षेचा अभ्यास, सारे दिवे असतील त्या वेळात. यात एक टोचणीही होती. राज्याला विजेच्या चढत्या मागणीच्या वेळी हात देणाऱ्या कोयना प्रकल्पाचे धरण सातारा जिल्ह्यातच, पाटण तालुक्यात. आणि अंधारही येथेच. पण तांत्रिकदृष्ट्या ती पद्धत अपोलोच्या संगणकाहून वेगळी नव्हती. निर्मितीपेक्षा मागणी वाढली आणि सगळ्यांना सगळे देत बसले, तर सगळीच वाहिनी कोसळते. म्हणून कोणाला कधी थांबवायचे हे आधी ठरवून ठेवावे लागते. खरा प्रश्न भारनियमन करावे की नाही हा नसून ते कोणी ठरवायचे हा असतो. कोणत्या गावाचे दिवे जाणार हे गावाला कोणी विचारत नसे. घरच्या संगणकातही कोणती कामे चालणार हे घरच्यांना कोणी विचारत नाही.

कारण येथूनच संथपणाचा आर्थिक इतिहास सुरू होतो. झुरिकचे संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी फेब्रुवारी १९९५मध्ये एक लेख लिहून सडपातळ प्रणालींची बाजू मांडली. यंत्रे ज्या गतीने वेगवान होत आहेत त्याहून अधिक गतीने त्यांवर चालणाऱ्या प्रणाली जड होत आहेत, हे त्यांचे निरीक्षण पुढे विर्थचा नियम म्हणून ओळखले गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ बाजारात आली. तिची किमान गरज ४ मेगाबाइट रॅमची होती. विंडोज ९८ला १६ लागत, २००१च्या एक्सपीला ६४, २००७च्या व्हिस्टाला ५१२. २०२१च्या विंडोज ११ला किमान ४ गिगाबाइट लागतात. सव्वीस वर्षांत १,०२४ पट! या काळात आपण लिहितो ते पत्र १,०२४ पट लांब झालेले नाही. सगळीच वाढ वायफळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. मराठी अक्षरे सर्वत्र सारखी दिसणे, सुरक्षा, चलच्चित्रे, यांना जागा लागतेच. पण नवी प्रणाली करणारा आपल्या जड मालाचे भाडे स्वतः देत नाही. ते घरोघरचा ग्राहक नवे यंत्र घेऊन देतो. म्हणून हलकेपणाची काळजी करण्याचे त्याला कारण उरत नाही.

याच्या उलट दिशेने विचार झाल्याचे एक उदाहरण आपल्याच परिसरात आहे. हरिपूरच्या संगमावर जी वारणा कृष्णेला मिळते, तिच्या काठाने वर गेले की तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या सहकाराचे वारणानगर लागते. गाव कोल्हापूर जिल्ह्यातले, पण त्याच्या परिघातली गावे कोल्हापूर आणि सांगली अशा दोन्ही जिल्ह्यांत पसरलेली. १९९८ साली येथे केंद्र व राज्य शासनाच्या साहाय्याने गावोगाव संगणककेंद्रे उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, जगाशी संपर्क अशी मोठी स्वप्ने त्यात होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी ही केंद्रे प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा आढळले की संगणकांवर मुख्यतः एकच काम चालते : उसाचे. कोणाचा ऊस किती वजनाचा गेला, खत किती उचलले, पैसे किती निघाले. मग त्यांनी सात गावांत आठ महिने प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि लघुसंदेश. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा, उत्तरात आपला हिशेब वाचायचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार संगणकाची सर्व कामे या मार्गाने झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत अधिक पसंत पडली. सर्व ५४ गावांत ती नेली तर कारखान्याचे सुमारे १० लाख रुपये वाचतील असा त्यांचा अंदाज होता.

या प्रयोगातून संगणक निरुपयोगी ठरला असा अर्थ काढणे चूक होईल. संशोधकांनी यंत्राच्या वेगाआधी कामाकडे पाहिले, हे त्याचे मर्म. येथे नेमके काय चालते, आणि त्यासाठी किती लागते? हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. आमच्या सांगलीच्या घरात २००४ साली तो कोणीच विचारला नव्हता.

आता साताऱ्याकडे परत येऊ. काकांचा लॅपटॉप २०१४ सालचा : ४ गिगाबाइट रॅम, ५०० गिगाबाइटची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. मूळची विंडोज ८.१, पुढे कंपनीने वर्षभर फुकट देऊ केलेली विंडोज १० त्यांनी घेतली होती. त्या दिवाळीच्या अगदी तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला. वैयक्तिक वापरासाठी एका वर्षाची वाढीव सुरक्षा जाहीर झाली होती खरी; पण विंडोज ११ या यंत्रावर अधिकृतपणे चढत नाही, कारण त्याचा प्रोसेसर तिला चालणाऱ्या पिढीच्या आधीचा आहे. दुकानदाराच्या "नवा घ्या" या सल्ल्याला एवढा आधार होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पहिला दिवस आम्ही वेगासाठी काहीच केले नाही. काकांच्या खणात दोन जुने पेन ड्राइव्ह होते. दोहोंवर त्यांचे सारे लेखन उतरवून घेतले आणि त्यातला एक सांगलीस नेण्यासाठी बाजूला ठेवला. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत यंत्र आणि त्याची प्रत एकाच कपाटात भिजली होती. तेव्हापासून प्रत दुसऱ्या गावी असावी हा आमचा नियम आहे. यात एक अडचण अचानक पुढे आली. काकांनी २००३ साली टंकलेला मजकूर जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटात होता. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासूनच जागा आहे, पण घरोघरी युनिकोड रुळायच्या आधी बहुतेकांनी असेच फाँट वापरले. त्यांत फाइलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरांचीच चिन्हे. फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो. फाँट गेला की आठवणींच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग उरते. म्हणजे दुकानदाराने फाइली जपून फॉरमॅट मारला असता, तरी तो फाँट त्यात गेला असता आणि काकांना आपलेच लेखन वाचता आले नसते. आम्ही फाँटाची फाइलही दोन्हीकडे उतरवली.

दुसऱ्या दिवशी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के. रॅम जवळपास भरलेली. हरिपूरची गाडी येरझारा घालीत होती. मग सुरुवातीस आपोआप जागे होणाऱ्यांची यादी पाहिली. काकांनी २०१७ साली देऊन टाकलेल्या प्रिंटरचा मदतनीस. हरवलेल्या फोनचा जोडणीकार. दोन निरनिराळ्या गप्पांच्या प्रणाली. चार अद्ययावतकार, प्रत्येक आपल्या धन्याची नवी आवृत्ती आली का हे बघत बसलेला. आणि मुदत संपलेली एक विषाणुरोधक प्रणाली, जी रक्षण करीत नव्हती पण जागा अडवून होती. काकांना प्रत्येकाचे नाव वाचून दाखवले आणि विचारले, हे हवे का? "हा कोण?" हेच उत्तर अकरापैकी नऊ वेळा आले. ते नऊही बंद केले. मुदत संपलेला पहारेकरी काढताच विंडोजचा स्वतःचा पहारेकरी कामावर आला. तोही सुरू झाल्याची खात्री करून घेतली. न्याहाळकात चौतीस पाने उघडी होती. ती खुणा करून मिटवली. मुख्य कप्प्यात अवघी ६ गिगाबाइट जागा मोकळी होती. तात्पुरत्या फाइली आणि जुन्या अद्ययावतीकरणांचा कचरा विंडोजच्याच साफसफाईच्या सोयीने काढल्यावर ती ३८ झाली. फिरत्या तबकडीवर विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याचे काम रात्रभर चालू दिले. नव्या प्रकारच्या एसएसडीवर असे करण्याचे कारण नसते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. हवेच्या जाळीत धूळ साचली होती. यंत्र बंद करून ती मऊ ब्रशाने झाडली, कारण प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करून घेतो. शेवटी काकांना एवढेच सांगितले की रोज 'बंद' करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करीत जा. २०१२च्या विंडोज ८पासून 'बंद' केलेले यंत्र आपला काही भाग डिस्कवर जपून ठेवून झोपते. ताजी सुरुवात होते ती रीस्टार्टने.

तिसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळ लावले. अडीच मिनिटे. खर्च शून्य रुपये.

हा चमत्कार नव्हे आणि त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. फिरती तबकडी फिरतीच राहिली. एसएसडी बसवली असती तर आणखी वेग आला असता, पण तिला पैसे पडतात. जड संकेतस्थळे आजही काकांच्या यंत्रावर रखडतात. वाढीव सुरक्षेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच; त्यानंतरच्या वाटेची तयारी म्हणून लिनक्सची एक हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता, चालवून पाहिली. ती चालली, काकांचा जुना फाँटही तिच्यात उघडला. लायनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ३८६ प्रोसेसरच्या घरच्या संगणकावर सुरू केलेली ही प्रणाली आज जुन्या यंत्रांचा आसरा आहे. पण तिच्याही रचनाकारांनी २०१२च्या डिसेंबरात त्याच ३८६चा पाठिंबा काढून टाकला. वजाबाकी सर्वांनाच करावी लागते. फरक इतकाच की तेथे काय टाकले आणि का, हे उघड्यावर लिहिलेले असते आणि पटले नाही तर जुनी आवृत्ती घेऊन राहण्याची मोकळीक असते.

या साऱ्या इतिहासातून आम्हांस जे दिसले ते असे. फॉरमॅट हा भारनियमनाचा सर्वांत आळशी प्रकार आहे. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरविण्याचे कष्ट नकोत, म्हणून सगळेच टाकायचे. त्यात देऊन टाकलेल्या प्रिंटरचा मदतनीसही जातो आणि आजीच्या ओव्याही. नवे यंत्र घेणे हा त्याचाच महागडा भाऊ. फुकटचा उपाय वेळखाऊ असतो. त्यात एकेक नाव वाचून "हा कोण?" असे विचारावे लागते, आणि ते ज्याचे यंत्र आहे त्यानेच विचारायचे असते. आम्ही २००४ साली वेळ वाचवला. त्याची किंमत मातोश्रींनी दिली.

निघायच्या दिवशी सकाळी काकांनी यंत्र लावले. चहाला आधण ठेवेपर्यंत ते उघडले होते. कुंडल भागातल्या एका वृद्धाने सांगितलेली, भूमिगतांना रात्री भाकऱ्या पोहोचवल्याची आठवण त्यांनी आम्हांस वाचून दाखवली. मग जुन्या फाँटातले ते पान शेजारी ठेवून त्यांनी युनिकोडमध्ये पहिली ओळ टंकायला घेतली. "रोज एक पान," ते म्हणाले, "म्हणजे होळीपर्यंत होईल." आम्ही त्यांना दुसरी प्रत सांगलीस पोहोचल्यावर फोन करण्याचे कबूल केले आणि एस. टी. स्टँडची रिक्षा धरली.